टेपखालचं बोट

तुमच्या अंगावर अशी एखादी जागा आहे का, जिच्या दुखण्याचं नाव तुम्ही स्वतःच ठरवून टाकलंय? लचकलं असेल, वात असेल, कामाने आलं असेल. ते नाव ठरवताना तुम्ही कुणाला विचारलंत?

मी एका फळीला विचारलं होतं. म्हणून हे लिहितेय.

फळी

मुंबईच्या वेशीवर, काशीमीऱ्याला, हायवेच्या कडेला गोदामांची रांग आहे. त्यातलं मागचं एक हरेशचं. हरेशच्या घरची एकेकाळी भातशेती होती, मिठागरात वाटा होता. आता त्या जमिनीवर गाळे आहेत आणि गाळ्यांत ट्रान्सपोर्टवाल्यांचा माल. एक गाळा त्याने घरच्यांशी भांडून स्वतःसाठी ठेवला आणि त्यात आम्ही तिघांनी क्लाइंबिंगचा बोर्ड उभा केला.

बोर्ड म्हणजे प्लायवूडची मोठी फळी, आता अंगावर कोसळेल असं वाटावं इतकी पुढे झुकलेली. तिच्यावर बोटांनी धरायच्या छोट्या छोट्या पकडी. त्या धरत, लटकत, खालून वर जायचं. कड्यावर जाण्याआधी बोटं तयार करायची ही जागा. या बोर्डाचं वेगळेपण असं की त्यात आमच्या मनाचं काहीच नव्हतं. झुकाव ठरलेला, प्रत्येक पकडीची जागा ठरलेली, ती कुठल्या बाजूला तोंड करून बसवायची तेही ठरलेलं. जगात जिथे कुठे हा बोर्ड असेल तिथे तो अगदी असाच. आमच्यातला तिसरा निकुंज, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारा. त्याने सायबर कॅफेत बसून आराखडा मिळवला, त्याच्या परदेशातल्या मामाने पकडी आणून दिल्या, आणि फळी बनवून घेताना हरेशने सुताराला इतकं छळलं की तो म्हणाला, "शेठ, देव्हारा बनवताना पण कोन एवढी मापं नाय काढत."

मला ती फळी फार आवडायची. त्याचं कारण आमच्या घरात आहे. बाबा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लेथवर काम करतात आणि युनियनची पत्रकं लिहितात. मी वाचायला शिकले ती पत्रकांच्या घड्या घालता घालता. अशा घरातल्या मुलीला त्या फळीत न्याय दिसला. तिच्यापुढे आडनाव चालत नव्हतं, वशिला चालत नव्हता. दूरदेशातला कुणी गोरा मुलगा ज्या पकडीवरून पडायचा, तिच्यावरूनच भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीतली मी पडायचे. आणि तो जे करायचा तेच मी केलं, तर ते तेवढंच मोजलं जायचं.

बोर्डावर ठराविक पकडी धरत वर जायच्या प्रत्येक वाटेला तिकडे काहीतरी इंग्रजी नाव असायचं. आम्ही ती नावं बदलली होती. एका वाटेचं नाव ठेवलं होतं 'पुलावरचा जाम', कारण वरसाव्याच्या पुलावर जशी गाडी मध्येच अडकते आणि पुढेही नाही मागेही नाही, तसा माणूस तिच्या मधोमध अडकायचा. मध्ये एक पिवळी पकड होती. तिच्यात उजव्या हाताची दोनच बोटं मावायची. सगळं वजन त्या दोन बोटांवर घेऊन डावा हात वर टाकायचा. मला ती वाट करायची होती. आमच्यापैकी कुणाला जमली नव्हती.

निदान झालं, बोर्डासमोर

उजव्या हाताचं मधलं बोट सुजायला लागलं तेव्हा मला धक्का बसला नाही. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटला.

आमच्यात बोट सुजणं म्हणजे तुम्ही खरंच मेहनत करताय याची खूण. बोटातला स्नायूबंध हाडाला चिकटून राहावा म्हणून आत छोटी छोटी कडी असतात. त्यांना आम्ही इंग्रजीतलाच शब्द वापरतो, पुली. फार ताण आला की त्यातलं एखादं फाटतं. मग पांढरी चिकटपट्टी गुंडाळायची, बर्फ लावायचा, काही आठवडे सबुरीने घ्यायचं आणि परत लटकायचं. हरेशच्या दोन्ही हातांवर कायम टेप असायची. निकुंज तर टेप लावून लग्नाला गेला होता.

हरेशने माझं बोट दाबून पाहिलं. "दुखताय?"

"जास्त नाही. जड वाटतं."

"पुली गेली तुजी. काय न्हाय होत. मना दोनदा झालाय."

निकुंजने तर पुरावाच आणला. त्या बोर्डावर चढणाऱ्यांचं इंटरनेटवर बोलणं चालायचं. त्यात दूरच्या कुणीतरी लिहिलं होतं की याच वाटेवर, याच पिवळ्या पकडीने त्याचं मधलं बोट गेलं. उजवंच. "देख, same to same," निकुंज म्हणाला. "तेरी उंगली का केस सॉल्व्ह हो गया."

आम्हा तिघांनाही ते पूर्ण पटलं. पकड तीच, जागा तीच, झुकाव तोच, बोट तेच. मग दुखणं वेगळं कसं असेल? शरीरात काय चाललंय हे आम्ही फळीवरून वाचलं. आज हे लिहिताना वेडेपणा वाटतो, पण तेव्हा ते शास्त्र वाटत होतं.

त्या फळीला एक गोष्ट माहीत नव्हती. ज्यांच्यासाठी ती आखली गेली त्यांच्या गावात माझ्या रोगाचं नाव कुणी सहसा काढत नाही. आमच्याकडे तो जिन्यात भेटतो, रिक्षात शेजारी बसतो. फळी सगळीकडे सारखी ठेवता येते. हवा तशी ठेवता येत नाही, जेवण ठेवता येत नाही, आणि एका खोलीत किती माणसं झोपतात तेही नाही.

त्याच सुमाराला माझं वजन उतरायला लागलं. कुणाही शहाण्या माणसाने याची काळजी केली असती. आम्ही आनंद केला. चढणाऱ्याला हलकं व्हायचंच असतं. हरेश म्हणाला, "आता तू उडशील गो." संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, ते थकव्यावर घातलं. आई ताटात जास्तीची चपाती टाकायची आणि मी ती परत डब्यात ठेवायचे.

"हाडं दिसायला लागली तुझी," आई म्हणायची.

"दिसू दे. ती चढायला लागतात."

सूज उतरली नाही. बोट मुळापासून टोकापर्यंत सारखं फुगलं, भोपळी मिरचीसारखं तुकतुकीत. शेवटी हाडांच्या एका दवाखान्यात गेले. एकटीच गेले. डॉक्टरांनी काय झालं विचारलं तर मीच त्यांना सांगितलं, पुली गेलीय, क्लाइंबिंग करते. त्यांनीही दुसरं काही विचारलं नाही आणि सूज उतरायला बोटात इंजेक्शन दिलं. आठवडाभर खरंच उतरली. मी बोर्डावर लटकले. मग जी परत आली ती टेपमध्ये मावेना, आणि तळहाताकडे सरकायला लागली.

ते इंजेक्शन स्टेरॉइडचं होतं, सुजेबरोबर शरीराची लढायची ताकदही दाबणारं. माझ्या रोगाला ते खतपाण्यासारखं होतं, हे नंतर कळलं.

ज्या दिवशी नाव कळलं

मग सरकारी रुग्णालय. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बोट पाहिलं, नुसतं पाहतच राहिल्या, आणि पहिल्यांदाच कुणीतरी मला ताप येतो का असं विचारलं. एक्स-रे झाला. मग बोट उघडून आतलं तपासायला पाठवावं लागेल म्हणाल्या.

काखेपाशी सुई देऊन हात बधिर केला. मी जागी होते. हिरव्या पडद्याच्या पलीकडे माझा हात होता, पण तो माझा राहिलेला नव्हता. मेलेली वस्तू शेजारी ठेवावी तसा तो पडला होता. पलीकडून डॉक्टरीणबाई सोबतच्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाल्या, "बघ, तांदळाची कणी." त्याने "ओह" केलं.

मी विचारलं, "कसली कणी?"

पडदा थोडा हलला. "तुझ्या बोटात साठलेत छोटे छोटे पांढरे दाणे. काढतेय. तू घाबरू नकोस."

घाबरू नकोस म्हटल्यावर माणूस काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे.

तपासणीचं उत्तर यायला वेळ लागला. ते ऐकायला आई बरोबर आली होती. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली, आईला नाही, मला बसायला सांगितलं.

"टीबी आहे. बोटाचा."

मी हसले. खरंच हसले. "बोटाला कसा होईल?"

"नखं आणि केस सोडून कुठेही होतो. तुला आधी बोटाच्या आतल्या आवरणात होता, आता हाडात उतरलाय. औषधाने बरा होतो. वर्षभर गोळ्या, एकही चुकवायची नाही."

आई मागे उभी होती. ती टीबीबद्दल काहीच बोलली नाही. तिने विचारलं, "बोट कापायला लागेल काय हो?"

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे परत उचलून पाहिला. "ठेवायचा प्रयत्न करू. हाड किती साथ देतं बघू. राहिलं तरी किती वाकेल हे मी आज सांगणार नाही, कारण मला माहीत नाही."

मी माझ्या बोटाकडे पाहिलं. पट्टीतून फक्त नखाचं टोक दिसत होतं. त्या क्षणापासून वर्षभर मला दुसरं काही नको होतं. नोकरी नको, कडा नको, लोकांचं बरं मत नको. ते बोट हवं होतं.

बाहेर रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "तुझ्या बाबांना मी सांगते. तू बोलू नको."

फ्रॅक्चर

बाबांनी ऐकून घेतलं. चहा संपवला. कप बशीवर पालथा घातला, जसा ते मीटिंग संपल्यावर घालतात. मग म्हणाले, "कुणी विचारलं तर फ्रॅक्चर सांग."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. या माणसाने त्यांच्या कारखान्यातल्या पॉलिशवाल्यांच्या खोकल्यावर पत्रक काढलं होतं. रोग लपवू नका, लपवल्याने मालकाचा फायदा होतो, असं त्यात होतं. त्याच्या घड्या मी घातल्या होत्या.

"तुम्ही सांगताय हे? तुम्ही?"

"पत्रक लोकांसाठी असतं," ते म्हणाले. "तू माझी पोरगी आहेस."

"मग लोक कुणाची पोरं आहेत?"

आई मध्ये पडली. "बास कर गो. बिल्डिंगमध्ये एकदा कळलं की पाण्याचा पेला पण वेगळा देतील. उद्या तुझं लग्नाचं बघायला लागेल. चार लोकांत सांगून बोट सरळ होणारे का तुझं?"

आईचं म्हणणं मला आज जितकं कळतं तितकं तेव्हा कळलं नाही. तेव्हा मी फक्त बाबांकडे पाहत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते.

त्यानंतर बरेच दिवस आम्ही एकमेकांशी जेवायला ये आणि दार लाव एवढंच बोललो. शेजारच्या काकू पट्टी बघून म्हणाल्या, "क्या हुआ बेटा, गिर गई क्या?" आईने माझ्या आधी उत्तर दिलं, "हाँ, वो चढ़ने में फ्रॅक्चर हो गया." आईच्या तोंडावर तिला खोटं पाडण्याची हिंमत माझ्यात नव्हती, मी कितीही मोठ्या गप्पा मारत असले तरी.

वॉर्ड

आतला रोगट भाग खरवडून काढायला परत भरती व्हावं लागलं. बायकांचा हाडांचा वॉर्ड. सकाळी झाडूवालीची बादली, मग चहा, मग डॉक्टरांचा घोळका. घोळका एकेका खाटेपाशी थांबायचा आणि माणसाचं नाव न घेता त्याच्या हाडाचं नाव घ्यायचा. मी 'मिडल फिंगर' होते. माझ्या शेजारची 'हिप' होती.

हिप म्हणजे वरसाव्याच्या एक मावशी. घरात पाय घसरून पडल्या होत्या, पायाला वजन बांधून उताण्या पडून असायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुना काय झालाय?"

मी सवयीने फ्रॅक्चर म्हणणार होते. तोंडातून निघालं, "टीबी. बोटाचा."

"बोटाचा? कय पण होतंय आता." एवढंच. त्यांनी तोंड फिरवलं नाही, पदर नाकाला लावला नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "केस कवा इंचरलेस? चिमनीचा घरटा झालाय."

एका हाताने वेणी घालता येत नाही. मी तसं सांगितलं. त्यांनी मला खाटेच्या कडेला पाठ करून बसायला लावलं आणि पडल्या पडल्या, हात वर करून, माझी वेणी घातली. फार घट्ट. डोळ्यांत पाणी आलं ते घट्टपणाने असं मी त्यांना सांगितलं.

"तुजा हात चालं न्हाय, माजा पाय चालं न्हाय," त्या म्हणाल्या. "दोगी मिलून येक बाय."

तिथे असेपर्यंत रोज त्यांनी वेणी घातली. मी त्यांना पाणी पाजायचे, डाव्या हाताने, अर्धं सांडत. त्यांना मुलाने घरी नेलं तेव्हा त्या स्ट्रेचरवरून म्हणाल्या, "बोट ऱ्हायला तर मना दाखवाला ये." मी गेले नाही अजून. काय दाखवायचं हा प्रश्न आहे.

गोळ्या

गोळ्या दिवसाआड टीबीच्या सरकारी केंद्रावर जाऊन तिथल्या ताईंसमोर गिळायच्या असतात. मूठभर असतात. पहिल्यांदा लघवी लालकेशरी झाली तेव्हा मला वाटलं आता रक्तच जायला लागलं. ताई म्हणाल्या, "औषधाचा रंग आहे तो. सांगायचं राहिलं का?" राहिलं होतं. म्हणून इथे सांगते. घाबरू नका.

मळमळ खरी असते. भात समोर आला की तोंड फिरायचं. सांधे दुखायचे, आणि दुखले की वाटायचं की रोग आता गुडघ्यात आला, खांद्यात आला. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी उजव्या हाताची मूठ मिटून बघायचे. चार बोटं आत यायची. मधलं उभं राहायचं, काठीसारखं. फिजिओथेरपीत ते जबरदस्तीने वाकवायचे तेव्हा मी दातात ओढणी धरायचे.

बाबा गोळ्यांच्या दिवशी कामावर जायच्या आधी माझ्याबरोबर निघायचे. न बोलता. केंद्राच्या फाटकापाशी थांबायचे आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे, जणू बसची वाट बघतायत. मी आत जाऊन गोळ्या गिळून यायचे, मग आम्ही न बोलता परत यायचो. मला त्याची चीड यायची. ज्याला माझी लाज वाटते त्याने फाटकापर्यंत तरी कशाला यावं?

एक दिवस गोळ्या घशातून खालीच जाईनात. गिळलं की वर येत होतं. ताईंनी पाणी दिलं, थांब म्हणाल्या. मी बाकावर बसून राहिले आणि मनात म्हटलं, आजची राहू दे. एकाने काय होतंय. हे वाक्य या रोगातलं सगळ्यात धोक्याचं आहे, आणि ते मला इतकं गोड वाटलं की मी उठलेही.

दारात बाबा उभे होते. मला उशीर झाला म्हणून बघायला आले असणार. आतल्या बाकावर त्यांच्या कारखान्यातला एक माणूस गोळ्यांची वाट बघत बसला होता. त्याने बाबांना ओळखलं.

"भाऊ, तुम्ही इथं?"

बाबा दारातच थांबले. फ्रॅक्चर इथे चालणार नव्हतं.

"माझी मुलगी आहे," बाबा म्हणाले. "तिचा डोस आहे." आणि आत येऊन माझ्या शेजारी बाकावर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकेक घे. घाई नाही. मी हाफ डे टाकतो."

मी एकेक घेतली. पुढे कधी ते फाटकाबाहेर थांबले नाहीत. त्या दिवशीच्या 'राहू दे'ला मी एकटीने परतवलं असतं का, हे मला माहीत नाही. बहुतेक नाही.

बादली

बोर्डाच्या मंडळींना मीच सांगितलं. हरेशच्या गोदामात गेले आणि सांगून टाकलं की ती पुली नव्हती.

बाहेर ट्रक मागे घेताना क्लीनर "आन दे, आन दे" ओरडत होता. निकुंज हाताला लावायची खडूची पूड चोळत होता, तो थांबला.

"छूने से होता है क्या?"

"नाही. बोटाचा शिवून होत नाही. डॉक्टरांना विचार."

"नहीं, मैं ऐसे ही पूछा."

पुढच्या वेळी गेले तर फळी रिकामी होती. नुसतं प्लायवूड आणि भोकं. सगळ्या पकडी एका मोठ्या बादलीत औषधाच्या पाण्यात बुडवलेल्या होत्या. हरेश बादलीशी बसून एकेक ब्रशने घासत होता. मला बघून उठला.

"बा बोलला. घरात ल्हान पोरं हायेत. मी सांगून बगितला त्यांना, आयकत न्हाय."

"धुवून काही होत नाही, हरेश. धुण्यासारखं काही नाहीच त्यात."

"म्हाईत हाय मना."

"मग?"

त्याने ब्रश बादलीत टाकला. "मंग काय. घरच्यांशी एकदा भांडून गाला घेतला. आता परत भांडू?"

मी भांडले असते. मी त्याला असं बरंच ऐकवलं, जे आता लिहावंसं वाटत नाही. तो ऐकत राहिला. मग आराखडा समोर ठेवून पकडी परत बसवायला लागला. प्रत्येक तिच्या तिच्या जागी, तिच्या तिच्या कोनात. पिवळी पकडसुद्धा. बोर्ड पुन्हा जगातल्या सगळ्या बोर्डांसारखा झाला. मी तिथून निघाले आणि उपचार संपेपर्यंत तिकडे फिरकले नाही.

किती वाकतं

वर्ष संपलं. डॉक्टरीणबाईंनी नवा एक्स-रे दिव्यावर लावला आणि म्हणाल्या, "रोग गेला. बोट वाचलं." मग माझी मूठ मिटवून बघितली. मधलं बोट अर्ध्यावर येऊन थांबतं. पेन धरता येतो. पोळी लाटता येते. बादली उचलताना कडी निसटते.

"आणखी सुधारेल?"

"थोडं. फार नाही. हाडात जायच्या आधी आली असतीस तर पूर्ण वाकलं असतं." त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

हरेशने बोलावलं म्हणून एकदा बोर्डावर गेले. 'पुलावरचा जाम'च्या खाली उभी राहिले. सुरुवातीच्या पकडी धरल्या, पाय उचलले आणि मधलं बोट पिवळ्या पकडीत वाकून बसलंच नाही. मी खाली गादीवर बसले.

हरेश म्हणाला, "पिवली जरा खाली घेऊ? तुज्यापुरती."

चांगल्या मनाने म्हणाला. पण पकड हलवली की ती ती वाट राहत नाही. मी नको म्हटलं. आता मी कड्यांवर सोप्या वाटांनी जाते, बोर्डावर जात नाही. हे चालवून घेतलंय मी. आवडत नाही.

निकुंज

एवढ्यात निकुंज घरी आला. खालूनच फोन केला, वर यायला कचरत होता. जिन्यात भेटलो. त्याच्या डाव्या हाताच्या बोटावर टेप होती. टेपवर टेप, आणि वरून अंगठी घातलेली, जणू त्याने लपणार होतं.

"सूजा हुआ है. दो-ढाई महीना हो गया," तो म्हणाला. "किसी को बोला नहीं. मम्मी को पता चलेगा तो..."

"कुणाला दाखवलंस?"

"तेरेको दिखा रहा हूँ ना."

ज्याने मला शिवून होतं का विचारलं होतं, तो माझ्यासमोर बोट धरून उभा होता. मला त्याला एखादं झणझणीत वाक्य ऐकवता आलं असतं. माझ्याकडे अशी वाक्यं भरपूर आहेत. पण त्याच्या ओठांचा रंग गेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही रुग्णालयात गेलो. रांग लांब होती. तो सारखा म्हणत होता, "चल छोड़, बाद में आते हैं." मी त्याची बाही धरून ठेवली. डॉक्टरीणबाईंनी बोट दाबलं, हलवलं, ताप विचारला, वजन विचारलं, फोटो काढायला पाठवलं, सोनोग्राफी केली. शेवटी म्हणाल्या, "याची पुली आहे. खरोखरची. सहा आठवडे काही उचलू नकोस, बरा होशील."

निकुंज तिथेच बाकावर बसला आणि हसायला लागला. थांबेचना. मग माझ्याकडे बघून एकदम थांबला, कारण त्याला माझा चेहरा दिसला असणार. मला आनंद झाला होता. आणि त्याच वेळी मला त्याचं ते बोट हवं होतं, त्याचं साधं, मूर्ख, फाटलेल्या कड्याचं बोट. दोन्ही खरं आहे. माझ्याच्याने खोटं लिहवत नाही.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "फोकट में लाया तेरेको. इतना टाइम गया."

तो वेळ फुकट गेला असं मला वाटत नाही.

आता तुमच्याकडे मागायचं ते मागते. तुमच्या ओळखीत कुणीतरी आहे, ज्याची सूज, खोकला, गाठ, ताप महिन्याभरात गेलेला नाही आणि ज्याने त्याला एक सोपं नाव देऊन ठेवलंय. नाव तुम्हाला आत्ताच आठवलं असेल. त्याला "दाखवून घे" असं सांगू नका, ते सगळेच सांगतात आणि तो "हो" म्हणतो. त्याला फोन करा, कधी मोकळा आहेस ते विचारा, आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर जा. तो "बाद में आते हैं" म्हणेल तेव्हा त्याची बाही धरा. रांगेत त्याच्या शेजारी बसून राहा, आत नाव पुकारेपर्यंत.